उजव्या डोळ्याचं काय चुकलं

त्या सकाळी सरळ रेघ वाकली. रेघ मिर्सिनीनं स्वतः ओढली होती, पोलादी पट्टी दाबून धरून, किरमिजी शाईच्या बारीक पेनानं, जन्मभर ओढत आली तशी. पट्टी उचलून बघते तर रेघेला मधोमध पोक आलेलं. तिनं पट्टी परत लावली. पट्टीलाही तिथंच पोक. आता पोलाद काही एका रात्रीत वाकत नाही, म्हणजे वाकलं ते दुसरंच काहीतरी, हे तिला तिथल्या तिथं कळायला हवं होतं. पण माणूस अशा वेळी आधी पट्टीलाच नावं ठेवतं. तिनं दुसरी पट्टी घेतली. चष्मा पुसला. खिडकीचा पडदा ओढला, कारण आज उजेडही उगाच बोचत होता. खाली अथेन्सच्या पिरेअस बंदरात धक्क्यावर कुठल्याशा बेटाची बोट भोंगा देत होती आणि शेजारच्या टेबलाशी लूकास तीळ लावलेल्या पावाचं कडं मोडून कॉफीत बुडवत होता, मांडीवर तीळ सांडत.

"लूकास, ही रेघ बघ रे जरा. सरळ आहे?"

"तुमची रेघ वाकडी असेल तर मी आजच राजीनामा देतो, मिर्सिनीबाई."

"मस्करी नको. सरळ आहे का ते सांग."

तो तीळ झटकत उठला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आहे की. सुतासारखी."

तिनं पेनाला टोपण लावलं. घाबरण्याआधी तिला वाटला तो कंटाळा. आता हेही करायचं का, असं. डॉक्टर, रांगा, तपासण्या, लोकांचे पडलेले चेहरे, सगळं एकदा होऊन गेलेलं, सतराव्या वर्षी. तेव्हा अंगात ताकद होती, आता चौपन्नाव्या वर्षी तेच सगळं पहिल्यापासून. तिचा डावा डोळा तेव्हाच गेला होता. गेला म्हणजे जागेवर होता, पण पांढुरका, जरा आत ओढलेला, मासळीबाजारात संध्याकाळी उरलेल्या मासळीचा असतो तसा. ती धुरकट काचेचा चष्मा लावायची आणि त्याच्याबद्दल कुणी विचारायचं नाही. सगळं आयुष्य उजव्यानं ओढलं होतं. आणि कामही असं की डोळ्याशिवाय काही नाही: जहाजांचे कागदी नकाशे दुरुस्त करायचे. समुद्र बदलत असतो. कुठे दिव्याची जागा हलते, कुठे वाळू साचते, कुठे जहाज बुडतं. तशा सूचना आल्या की एकेक नकाशा उलगडून त्यावर हातानं ते उतरवायचं. बुडालेलं जहाज कुणी वर काढत बसत नाही. ते कुठं पडलंय एवढं नकाशावर आलं की पुरे, बाकीचे वळसा घालून जातात. हल्ली बहुतेक जहाजं पडद्यावर नकाशे बघतात, कागदाचे उरले ते काही म्हाताऱ्या कप्तानांच्या हट्टापायी. मालक अधूनमधून म्हणायचे, मिर्सिनी, तू आणि मी बरोबरच बंद पडू. तिला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

इस्पितळातल्या डॉक्टर व्लाखू वयानं लहान होत्या, नाकावर चष्म्याचे वळ, आवाज दिवसभर बोलून बसलेला. त्यांनी उजव्या डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली, दिव्यामागून कितीतरी वेळ आत बघत राहिल्या, मग डावा बघितला, मग परत उजवा. डावा का बघताहेत ते मिर्सिनीला कळेना. त्या डोळ्यात काय बघायचंय. डॉक्टर मागं रेलल्या आणि म्हणाल्या, "उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय. म्हणून रेघ वाकडी दिसते. ह्या आजाराला सिम्बाथितिकी म्हणतात."

आणि मिर्सिनीला हसू फुटलं. डॉक्टर बघतच राहिल्या. आता ह्यात हसण्यासारखं काय, ते त्या पोरीला कुठून कळणार. सिम्बाथितिकी. लेस्वोस बेटावरच्या त्यांच्या गावात हा शब्द मिर्सिनीला नावासारखा चिकटला होता. पोरगी देखणी असली की बायका देखणी म्हणत. कुरूप असली की गप्प बसत. आणि जिच्याकडे बघून काहीतरी बरं बोलायलाच हवं अशी वेळ यायची, तिला म्हणत सिम्बाथितिकी. म्हणजे, आहे बापडी गोड. म्हणजे, चालवून घेण्यासारखी. स्थळं घेऊन येणारी एक बाई होती, तिनं मिर्सिनीच्या आईला ओसरीवर बसून सांगितलं होतं, "पोरगी सिम्बाथितिकी आहे, नाही असं नाही, पण मुलाकडची माणसं दोन्ही डोळे विचारतात." दाराआड उभ्या असलेल्या मिर्सिनीनं ते ऐकलं होतं. तोच शब्द आज सदतीस वर्षांनी पांढऱ्या कोटातून परत आला होता.

"माफ करा," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही माझं कौतुक करताय."

डॉक्टरही थकल्या थकल्या हसल्या. "शब्द जुना आहे. एकाच्या दुखण्यानं दुसऱ्यानंही दुखायचं, असा. डाव्याला झालं म्हणून उजव्याला होतंय. सोबत कुणी आहे का तुमच्या?"

सोबत कोण असणार. संध्याकाळी तिनं भावाला फोन केला. स्त्राती तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, गावातच राहिलेला, जैतुणाच्या घाण्यावर कामाला. "डोळ्याला काहीतरी झालंय," ती म्हणाली. "कुठल्या?" त्यानं विचारलं. आणि विचारताच त्यालाही कळलं की हा प्रश्न विचारायचा नसतो; जायला उरला होता तो एकच. "रात्रीची बोट धरतो," तो म्हणाला.

सकाळी तो दारात उभा राहिला, तेलाचा डबा, खारवलेल्या सार्डिन माशांची बरणी, तेलात मुरवलेल्या चीजचा गोळा, सगळं कापडात गुंडाळून. केस पार पांढरे झालेले. आत आला आणि नेहमीसारखा तिच्या उजव्या बाजूला बसला. तो नेहमीच उजव्या बाजूला बसायचा. टेबलाशी, बोटीवर, आईच्या मयताला चर्चच्या बाकावरही. मिर्सिनी आपली समजूत घालून घ्यायची की आपल्याला दिसावं म्हणून बसतो. पण कधी कधी, फार थकलेली असली की, तिला वाटायचं, नाही, आपला डावा डोळा त्याला दिसू नये म्हणून बसतो. ह्या दोन गोष्टींत फरक किती, आणि जन्म गेला तरी त्याला विचारता आलं नाही. सांगायला गेलं तर भाऊबहिणीत भांडण असं कधी झालंच नव्हतं. सणासुदीला फोन, वर्षाला तेलाचा डबा. फक्त ईस्टरला तो कधी कुणाला सापडायचा नाही. त्या दिवशी होडी काढून एकटाच कुठेतरी समुद्रात जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. त्याला काही वाटत नाही, सणालाही घरी थांबत नाही, असं ती मनातल्या मनात म्हणायची आणि तिथंच विषय मिटवायची.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. सगळं नीट लिहून घ्यायचं होतं त्यांना. "डाव्या डोळ्याला तेव्हा झालं काय?"

मिर्सिनीनं तोंड उघडायच्या आत स्त्राती बोलला. "यहूदाचा पुतळा जाळत होते ईस्टरला. दारू न उडता राहिली. हिची हीच गेली बघायला. फार चौकस होती लहानपणी."

हिची हीच गेली. हे वाक्य घरातल्या जुन्या घड्याळासारखं होतं. कुणी ऐकत नसे पण ते चालू असे. आई हेच म्हणायची, मावश्या हेच, पाद्रीबाबा हेच, आणि पुढे पुढे कुणी विचारलंच तर मिर्सिनी स्वतःही हेच सांगायची, कारण सोपं पडायचं. डॉक्टर लिहीत होत्या आणि मिर्सिनी त्या दुपारी जाऊन उभी राहिली होती, चर्चमागच्या मैदानात, ऊन टकटकीत, सगळ्या गल्लीत भाजलेल्या कोकराचा वास. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा पुतळा पोरांनी पेंढा भरून केला होता, अंगात स्त्रातीचाच जुना कोट, पोटात शोभेची दारू ठासलेली. पेटवला, भपकन जाळ झाला, कोटाची बाही जळाली आणि विझला. पोरं शिव्या देऊ लागली. तेव्हा स्त्राती वळून म्हणाला, "मिर्सिनी, तुझे पाय हलके आहेत. जा, बघ विझलाय का." तिला आठवत होता तो आपला आनंद. एवढ्या पोरांदेखत त्यानं तिलाच सांगितलं होतं. ती धावत गेली होती, नव्या सॅंडलमधून धूळ उडवत, आणि यहूदाच्या पोटाशी वाकली होती. त्यापुढचं काही आठवायचं नाही. पण तो आनंद लख्ख आठवायचा, आणि तोच फार जाचायचा. दुखणं विसरता येतं हो, पण मूर्खासारखं खूश होणं विसरता येत नाही.

"उजव्याचं काय चुकलं?" तिनं एकदम विचारलं. "त्याला तर तेव्हा खरचटलंही नव्हतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काहीच चुकलं नाही. तो जुळा आहे, एवढंच. असं बघा. जंतू आला, जखम झाली, की शरीर चवताळतं. चवताळायलाच हवं. पण त्या चवताळण्यानंच जास्त मोडतोड होते, आपलंच मांस भाजून निघतं. म्हणून लढणाऱ्यांच्या मागोमाग शरीर आवरणारेही पाठवतं. पुरे, आता बस, असं म्हणणाऱ्या पेशी. इतर ठिकाणी थोडं जळलं तर भागतं, व्रण राहतो नि माणूस चालू लागतो. डोळ्यात व्रण परवडत नाही. तिथं कायदाच वेगळा. तिथं आत यायचं तर हत्यार बाहेर ठेवून. आणि डोळ्यातलं काही बाहेर गेलंच, तर सरळ वाटेनं जातं आणि शरीर त्याच्यावरून शिकतं की ह्याच्यावर हात उचलायचा नाही."

"शिकतं?" स्त्रातीनं विचारलं.

"शिकतं. पण ह्यांचा डोळा फाटला तेव्हा आतलं सगळं भलत्याच वाटेनं बाहेर पडलं, जाळात, घाणीत. शरीरानं ते बघितलं आणि ठरवलं, हा शत्रू. मग तसाच दुसरा कुठं दिसतो का ते शोधायला लागलं. तसाच दुसरा म्हणजे उजवा."

"पण इतकी वर्षं..." मिर्सिनी म्हणाली.

"इतकी वर्षं आवरणाऱ्यांनी आवरून धरलं. आता हात सुटला."

"दमले असतील."

"असतील," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ताच का, ते खरं सांगायचं तर आम्हालाही माहीत नाही."

स्त्रातीनं टोपी हातात फिरवत विचारलं की मग तो डावा आता काढून टाकला तर. डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात काढला असता तर हे बहुतेक टळलं असतं; तेव्हा तसंच करायचे. आता काढून काही मिळणार नाही. मिर्सिनीला अथेन्सचे ते जुने डॉक्टर आठवले, त्यांनीही काढाच म्हणून सांगितलं होतं, आणि आईनं खाटेच्या दांडीला धरून म्हटलं होतं, "आंधळा का होईना, चेहऱ्यात असू दे. पोरीचं लग्न व्हायचंय माझ्या." लग्न काही झालं नाही. लग्नासाठी ठेवलेला डोळा तेवढा राहिला, ठेवणीतल्या चांदीच्या चमच्यासारखा, आणि आता त्यानं दुसरा मागितला होता. आईचा राग आणायचा मिर्सिनीनं प्रयत्न करून पाहिला. आला नाही. आई तिला आणि स्त्रातीला हाक मारायची तीच मुळी 'माझे डोळे' म्हणून; गावात सगळ्याच आया मारतात. ये माझ्या डोळ्या, जेवायला. अशा बाईवर आता तिच्या मागं काय रागवायचं.

तीन दिवस इस्पितळात शिरेतून औषध चढवलं. कॉर्टिझोन. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की आवरणारे बाहेरून पाठवतोय, तेव्हा शरीर गप्प बसेल, पण तुम्ही बसणार नाही. झोप उडेल, भूक खवळेल, चिडचिड होईल, घरच्यांनी मनावर घेऊ नये. घरी आल्यावर गोळ्या आणि तासातासाला थेंब. थेंब घालायचं काम स्त्रातीकडे. त्याच्या हातांना घाण्याच्या तेलाचा वास यायचा, धुतले तरी. तो तिच्या उजव्या बाजूला उभा राहून, नजर नेमकी उजव्या डोळ्यावर ठेवून, श्वास रोखून थेंब सोडायचा, आणि निम्म्या वेळा तो गालावर पडायचा. "हलू नकोस." "मी नाही हलले, तुझा हात हलतोय." "बरं बाई, माझा हात." पडदे ओढलेल्या घरात मिर्सिनी खात सुटली होती. सार्डिनची बरणी संपली, चीजचा गोळा संपला, पावाचा तुकडा तेलात बुडवून उभ्या उभ्या खायची, आणि खाऊनही आत काहीतरी उकळत राहायचं. हा आपला राग नाही, औषधाचा आहे, असं ती स्वतःला सांगायची. फ्रिजच्या दारावर डॉक्टरांनी दिलेला चौकटीचौकटींचा कागद चिकटवला होता. त्यातली प्रत्येक रेघ सरळ आहे हे धरून चालायचं आणि आपल्याला कुठली वाकडी दिसते ते रोज बघायचं. मधल्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या हेलकावत. ती तिथं उभी राहायची आणि तिला रडायचाही कंटाळा यायचा. नकाशाविना ती काय करणार होती? घरात एक खुर्ची, एक खिडकी, आणि खिडकीतून भोंगे. ऐकायचे, एवढंच राहील.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "पाणी ओसरतंय. वाचेल बहुतेक. पूर्वीइतकं स्वच्छ दिसेल असं मी म्हणणार नाही, पण वाचेल." स्त्रातीनं रस्त्यातच टोपी काढून क्रूसाची खूण केली. मिर्सिनीला आनंद व्हायला हवा होता. झाला; पण फार थोडा, आणि फार लांबून. निघताना डॉक्टर आणखी एक बोलल्या होत्या आणि ते तिच्या डोक्यातून जाईना. ती सहज म्हणाली होती, चला, थकलं म्हणायचं शरीर भांडून. तर त्या म्हणाल्या, "छे, थकून नाही संपत ते. निवणं हेही शरीराला करावं लागतं. पडझड उचलणारे यावे लागतात, मेलेलं बाहेर काढावं लागतं. ते आले नाहीत तर आग राखेखाली तशीच राहते." ट्रॉलीबसमध्ये ती हे घोकत बसली. शेजारी स्त्राती, अर्थातच उजव्या बाजूला. म्हणजे आपल्यात जे होतं ते निवणं नव्हतंच. आपण समजलो मिटलं. आपण नुसते वळसा घालून जात राहिलो, आणि नकाशावर तर कधी काही लिहिलंच नाही.

घरी आल्यावर तो स्वैपाकघरात मसूर शिजवायला लागला आणि ती खुर्चीत डोळे मिटून बसली. गावाकडून त्याच्या बायकोचा फोन आला. हा मोठ्यानं बोलत होता, गावाकडची माणसं फोनवर बोलतात तसा. हो, वाचतोय. हो, देवाची कृपा. अगं डॉक्टरीण विचारत होती, कसं झालं, कसं झालं. सांगितलं मी, हिची हीच गेली बघायला, फार चौकस...

"तू म्हणालास जा."

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. स्त्राती बोलायचा थांबला. फोनमधून बायकोचं हॅलो हॅलो येत राहिलं, मग त्यानं तो बंद केला.

"तू म्हणालास जा!" मिर्सिनी उठून उभी राहिली होती. "तुझे पाय हलके आहेत, जा, बघ विझलाय का. सगळ्या पोरांसमोर म्हणालास. आणि मी गेले, कारण तू म्हणालास. हिची हीच! किती वेळा म्हणायचं एखाद्यानं? आई म्हणाली, तू म्हणालास, मीही म्हणाले गाढवासारखी. अरे, डोळा माझा गेला आणि मूर्खही मीच? एवढं तरी स्वतःच्या नावावर घ्यायचं होतंस!"

हे औषध बोलतंय, तिच्या मनात आलं. बोलू दे.

मसूर उतू गेला. त्यानं गॅस बंद केला आणि तिच्याकडे पाठ करूनच उभा राहिला, हातात कालथा तसाच. मग म्हणाला, "तुला आठवतं?"

"म्हणजे?"

"मला वाटलं तुला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले होते, धक्क्यानं पोरीला काही आठवायचं नाही. मी रोज वाट बघायचो की आज आठवेल, आज तू सांगशील. तू नाही सांगितलंस. मग मला वाटलं, गेलं ते तिच्या डोक्यातून."

"आणि मला वाटत होतं, तूच विसरलास," मिर्सिनी म्हणाली. ती परत बसली.

"विसरेन कसा?" तो अजून चुलीशीच बोलत होता. "त्या दिवशी तुला बोटीनं नेलं ना, त्याच्या आधी आईनं मला गोठ्यामागं नेलं. मी सांगितलं तिला सगळं. म्हटलं, मी पाठवलं तिला. बाबांना सांगतो, पोलिसांना सांगतो, सगळ्यांना सांगतो. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ती आपली आपण गेली असं म्हणायचं, समजलं? जन्मभर असंच म्हणायचं. माझा एक डोळा गेला. दुसरा मी जाऊ देणार नाही."

बाहेर भोंगा झाला. कुठली बोट, ते मिर्सिनीला एरवी आवाजावरून कळायचं; आता ऐकूच आलं नाही. आई गोठ्यामागं उभी होती, ओच्याला धूर आणि रक्ताचा वास, आणि दोन्ही हातांनी आग दाबत होती, जिकडे सापडेल तिकडून. एवढंच जळू दे, ह्यापलीकडे नको. आणि दाबली होती की तिनं, चांगली सदतीस वर्षं. फक्त राखेखाली हा बसला होता. ईस्टरला होडीत. एकटा. मिर्सिनीला वाटत आलं होतं की जे झालं ते तिला एकटीला झालं, आणि हा आपला धडधाकट, तेलाचे डबे पाठवणारा. ह्याच्याकडे कुणी दिवा लावून आत बघितलंच नाही. तिनंही नाही.

"मग सांगायचं होतंस आई गेल्यावर," ती म्हणाली, पण आता त्यात जोर नव्हता.

"येत होतो सांगायला. दर वेळी यायचो बोटीनं तो सांगायलाच. मग तुझ्यासमोर बसलं की..."

"समोर कुठं बसतोस? उजवीकडे बसतोस."

त्यानं कालथा ठेवला. हात पुसले. टेबलावरची थेंबांची बाटली घेतली, कारण वेळ झाली होती, आणि खुर्चीला वळसा घालून तो तिच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. तिला तो दिसेना. फक्त तेलाचा वास आला आणि चष्मा काढणारी बोटं कानाला लागली.

"सिम्बाथा मे, मिर्सिनी," तो म्हणाला. गावाकडच्या म्हाताऱ्या चर्चच्या रांगेत धक्का लागला तर म्हणतात तसंच, हळू. माफ कर. शहरात असं आता कुणी म्हणत नाही.

इतकी वर्षं ती ह्या दोन शब्दांसाठी थांबली होती आणि आले तेव्हा तिला इतका थकवा आला होता की तिनं मान खुर्चीच्या पाठीला टेकवली. "बरं," ती म्हणाली. "घाल आता थेंब. उशीर होतोय."

त्यानं पापणी वर उचलली. हात ह्या वेळी हलला नाही. थेंब पडला, गार, अगदी नेमका, आणि मिर्सिनी दचकली.

"अरे, हा नव्हे! डावा आहे हा. ह्याला काय करायचंय थेंब घेऊन?"

"ठाऊक आहे," स्त्राती म्हणाला. तो वाकून बघत होता. त्याचा श्वास तिला गालावर लागत होता. "ह्याला गार लागतं?"

"लागतं," ती म्हणाली. "नेहमीच लागायचं."